वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती मिनिटांत पोचते?

वाचकाचं पत्र

चाकणच्या एका मशीन शॉपमध्ये मी अकरा वर्षं आधी ऑपरेटर, मग सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा) होतो. आठ महिन्यांपूर्वी शिफ्ट सुपरवायझर झालो. हाताखाली २२ माणसं, त्यांतली १४ कंत्राटी. गेल्या महिन्यात बोअर (आतलं भोक) मापापेक्षा मोठा झालेले ३८ जॉब, म्हणजे मशीनवर कापलेले सुटे भाग, कस्टमरच्या असेंब्ली लाइनवर सापडले. दर २० जॉबला गेज (माप तपासायचं साधन) लावायचं असतं, ऑपरेटरचा एक चेक चुकला आणि त्यातच ऑफसेटचा, म्हणजे मशीनला द्यायच्या मापाच्या दुरुस्तीचा, आकडा चुकीचा पडला होता. त्याला हे शिफ्टच्या तिसऱ्या तासालाच कळलं होतं. ऑफसेट दुरुस्त करून तो गप्प बसला. ६०० जॉबचा अख्खा लॉट आम्हाला तिकडे जाऊन सॉर्ट करावा लागला. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. त्याच्या आदल्या आठवड्यात एकाने इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) तुटल्याचं सांगितलं, तेव्हाही माझा तोल गेला होता. आता कोणी बोलतच नाही. विचारलं की ‘सगळं ओके, साहेब’. दोघांनी शिफ्ट बदलून मागितली आहे, त्यातला एक माझा जुना मित्र. एचआरने ‘इमोशनल इंटेलिजन्स’च्या, म्हणजे भावनिक बुद्धिमत्तेच्या, दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. समजून घ्या, ऐकून घ्या, असं तिथे सांगितलं. माझा आधीचा साहेब सगळ्यांवर ओरडायचा, पण प्रॉडक्शन निघायचं. मी मऊ झालो तर टार्गेट कोण काढणार?

— एक शिफ्ट सुपरवायझर

उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओझरतं लिहून गेला आहात. इन्सर्ट तुटल्याचं एकाने सांगितलं आणि तुमचा तोल गेला. त्या दिवशी बाकीच्या २१ जणांनी ते पाहिलं. ३८ जॉबचं प्रकरण तिथे सुरू झालं.

तिसऱ्या तासाला त्या ऑपरेटरच्या जागी उभं राहून बघा. गेजची नो-गो बाजू, जी आत जायलाच नको, ती आत जातेय. बारीक राहिलेला बोअर परत काढता येतो, मोठा झालेला सरळ भंगारात जातो, हे त्याला माहीत आहे. चेक आपण चुकवलाय, हेही माहीत आहे. सांगितलं तर बोलणी नक्की आणि आत्ताच. नाही सांगितलं तर कदाचित निभावून जाईल. तो कंत्राटी असेल तर त्याला बोलण्यांची भीती कमीच, ‘उद्यापासून येऊ नको’ या तीन शब्दांची जास्त. तुमच्या शिफ्टने त्याला जे शिकवलं होतं, त्या हिशेबाने तो वागला. त्याचं वागणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण ते समजण्यासारखं आहे, आणि समजलं तरच बदलता येईल.

आता दुसरी बाजू. त्याने तेव्हाच सांगितलं असतं तर मशीन थांबवून बिनमधले मागचे जॉब बाहेर काढायचे, एकेकाला गेज लावायचं, ३८ नापास मालाच्या लाल बिनमध्ये टाकायचे, की झालं. अर्धा-पाऊण तास. न सांगितल्यामुळे ६०० जॉबचं सॉर्टिंग, माणसं आणि गाडी पाठवणं, कस्टमर कंप्लेंट, त्यावरचे कागद, आणि तुमचं शांत झालेलं शॉप. चूक तीच, ३८ जॉबची. पुढचं सगळं नुकसान गप्प बसण्याचं.

म्हणून ‘कडक की मऊ’ हा प्रश्न बाजूला ठेवा. तुमच्या कामात भावनिक बुद्धिमत्तेचं एक माप पुरेसं आहे. वाईट बातमी घडल्यापासून तुमच्या कानावर यायला किती मिनिटं लागतात? दहा मिनिटांत येत असेल तर तुम्ही चांगले सुपरवायझर आहात, मग आवाज चढा असो की मवाळ. कस्टमरच्या फोनवरून येत असेल तर कितीही गोड बोललात तरी उपयोग नाही.

ट्रेनिंगमध्ये तुम्हाला बहुधा या विषयाचा एकच कोपरा दाखवला गेला. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ही कल्पना मांडली, आणि पुढे त्यांनी तिचे चार भाग केले. समोरच्याची आणि स्वतःची भावना ओळखणं. त्या भावनेचा विचार करताना उपयोग करणं. ती कशातून आली आणि पुढे कुठे जाईल हे कळणं. आणि शेवटी ती सांभाळणं. यात ‘मऊ वागा’ कुठेच नाही. १९९५ नंतर मानसशास्त्रज्ञ-लेखक डॅनियल गोलमन यांच्या लेखनामुळे हा शब्द कंपन्या-कंपन्यांत पोचला आणि त्याबरोबर यशाचं सगळं श्रेय भावनिक बुद्धिमत्तेलाच देण्याची पद्धतही आली. ते अतिशयोक्त आहे. ज्याला ऑफसेट कळत नाही त्याचं शॉप नुसत्या समजूतदारपणावर चालणार नाही. तुम्हाला मशीन कळतं, ही तुमची मोठी जमा बाजू आहे. इथे प्रश्न मशीनजवळच्या माणसाचा आहे.

आधीच्या साहेबांबद्दल तुम्ही लिहिलंय ते खोटं नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नेत्याचा मूड गटाला कसा लागतो हे तपासलं होतं. नेता वाईट मूडमध्ये असला की गट जास्त जोर लावायचा, पण माणसांचा आपसातला मेळ कमी पडायचा. चांगल्या मूडच्या नेत्याच्या गटात मेळ जास्त आणि धडपड कमी. ओरडल्यावर हात भराभर चालतात हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. मात्र तुमच्याकडे बिघडलं ते हातांच्या वेगामुळे नव्हे. एकाला कळलेलं दुसऱ्याला कळलं नाही, म्हणून बिघडलं. ओरडणाऱ्या साहेबाच्या शिफ्टमध्ये किती जॉब गुपचूप ‘ओके’च्या बिनमध्ये गेले असतील, हे तुम्ही स्वतः अकरा वर्षं मशीनवर होतात तेव्हा तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त माहीत असणार.

अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधं देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी दिसतील अशी अपेक्षा होती. दिसलं उलटंच, नोंदलेल्या चुका चांगल्या टीममध्येच जास्त होत्या. तिथल्या नर्सना चूक बोलून दाखवता येत होती, म्हणून त्या मोजल्या गेल्या. तुमच्या शिफ्टच्या रिजेक्शन शीटवर, म्हणजे नापास जॉबच्या नोंदीवर, सध्या काय दिसतंय ते बघा. गेल्या चार आठवड्यांत ऑपरेटरने स्वतः सांगितलेलं एकही रिजेक्शन नसेल, तर ती शीट शॉपबद्दल काही सांगत नाही. ती तुमच्याबद्दल सांगते.

आता कामाचं बोलू, आणि सुरुवात पहिल्या दहा सेकंदांपासून. कोणी येऊन म्हणालं, ‘साहेब, जॉब गेले’, की त्यानंतरच्या दहा सेकंदांत तुमचा चेहरा जे करेल, ते सगळं शॉप महिनाभर लक्षात ठेवेल. तुमचा राग शरीरात कुठून वर येतो ते आधी शोधा. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचे कान तापतात, कुणाचा हात आपसूक वर जातो. ती खूण ओळखता आली की तुम्हाला दोन सेकंद मिळतात. तेवढ्यात एक श्वास सावकाश सोडायचा आणि मग ठरलेले तीन प्रश्न, याच क्रमाने: मशीन थांबवलंय का? शेवटचा चांगला जॉब कुठला? मधले जॉब आत्ता कुठे आहेत?

‘का केलंस?’ या वेळी विचारायचं नाही. ‘का’ म्हटलं की माणूस कारणं शोधायला लागतो आणि जॉब कुठे गेले ते राहून जातं. कारण शोधायला दुपार आहे, उद्याची सकाळ आहे. तीन प्रश्नांच्या आधी किंवा नंतर एकदाच, साध्या आवाजात, ‘लगेच सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं म्हणा. टाळ्या नकोत, शाबासकीचं भाषण नको. लोकांना ते खोटं वाटतं.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. ट्रेनिंगहून आलेला माणूस राग गिळून चेहऱ्यावर हसू आणतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत दिसलं आहे की भावना नुसती चेहऱ्यावरून दाबली तर आतली शारीरिक खळबळ कमी होत नाही, उलट वाढते. आणि वर्षानुवर्षं तुमच्याशेजारी काम केलेल्या माणसांना ते हसू लगेच कळतं. त्यापेक्षा खरं सांगा: ‘मला आत्ता राग आलाय. आधी जॉब वेगळे करू, मग पंधरा मिनिटांनी बोलू.’ भावनेला शब्द दिले की मेंदूतल्या भीती-रागाशी निगडित भागाची हालचाल मंदावते, असं २००७च्या एका अभ्यासात आढळलं आहे. शिवाय ‘आलाय’ म्हणणं आणि काढणं यांतला फरक समोरच्यालाही कळतो. फक्त ते पंधरा मिनिटांनंतरचं बोलणं खरोखर व्हायला हवं. नाही झालं तर तो माणूस घरी जाईपर्यंत तेच घोळवत राहील.

दुसरी चूक शॉपच्या आवाजाची. मशीन चालू असताना ऐकू जावं म्हणून तुम्ही मोठ्याने बोलता, आणि दहा फुटांवरच्या माणसाला फक्त तुमचा वासलेला जबडा आणि हात दिसतात. त्याच्या दृष्टीने तुम्ही ओरडताय. वाईट बातमीवर बोलायचं असेल तर गेज टेबलपाशी किंवा शॉपच्या दाराबाहेर चला. मशीनजवळच बोलावं लागलं तर हाताच्या अंतरावर, शेजारी उभे राहा, समोर नको. दोघांची नजर जॉबवर असू दे. दोन मिनिटांचं काम आहे, पण फरक मोठा पडतो.

आता रागाच्या मुळाकडे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती इथे फार उपयोगी आहे. घटना सगळ्यांसाठी तीच असते, राग तिच्याबद्दलच्या आपल्या समजुतीतून येतो, हे तिचं सार. ‘माझ्या शिफ्टमध्ये चूक होताच कामा नये’ आणि ‘चूक होऊ नये अशी माझी फार इच्छा आहे’ ही वाक्यं सारखी वाटतात, पण पहिल्यातून संताप निघतो, दुसऱ्यातून काळजी. काळजीत आपण चुकलेले जॉब शोधतो, संतापात चुकलेला माणूस. प्रामाणिकपणे लिहून काढा: त्याला झापताना डोक्यात नेमकं कोणतं वाक्य होतं? ‘याने मला फसवलं’? की ‘आठ महिन्यांत माझी खुर्ची जाणार’? दुसरं असेल तर तो राग नव्हता, भीती होती, आणि ती प्लांट हेडसमोर बोलायची गोष्ट आहे. त्या ऑपरेटरने ती का सोसावी?

त्या ऑपरेटरची गोष्ट अजून संपलेली नाही. झापलंत सगळ्यांसमोर, त्यामुळे माफीही सगळ्यांसमोर हवी. पण आधी त्याला एकट्याला भेटा, शिफ्टच्या शेवटी नको, त्याला बस गाठायची असते. जेवणाच्या सुट्टीनंतर पाच मिनिटं: ‘त्या दिवशी मी सगळ्यांसमोर ओरडलो ते चुकलं. उद्या सकाळच्या मीटिंगमध्ये मी तसं सांगणार आहे. चालेल ना?’ बस. पुढे ‘पण तूही…’ आलं की माफी संपली. तो फक्त ‘हो साहेब’ म्हणेल आणि निघून जाईल. तेवढंच अपेक्षित धरा. लगेच खांद्यावर हात, वडापावची पार्टी असलं काही नको. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये एक वाक्य बोला आणि रोजच्या कामाकडे वळा.

चुकलेला चेक मात्र माफ झालेला नाही. त्यावर दोन-तीन दिवसांनी वेगळं बोला, मशीनजवळ उभं राहून. गेज हाताशी असतं की दुसऱ्या मशीनवरून आणावं लागतं? एकाच वेळी किती मशीनं सांभाळत होता? ऑफसेट टाकल्यावर पुढचा पहिला जॉब मोजायचा नियम कागदावर आहे, पण टार्गेटच्या घाईत कोणी पाळतं का? हे प्रश्न नम्रतेसाठी नाहीत. ऑफसेटमध्ये ०.०२च्या जागी ०.२ पडू शकतो, तर तो उद्या दुसऱ्याच्या हातूनही पडेल.

मऊपणाच्या तुमच्या शंकेला खरं उत्तर इथे आहे. विमान वाहतुकीत आणि रुग्णालयांत चुकांची वर्गवारी करतात, ती तुमच्याकडेही चालेल. अनवधानाने झालेली चूक: समजूत घाला आणि ती होऊ नये अशी सोय करा. पडलेली वाईट सवय, जसं चेक न करता शीटवर टिक मारणं: समज द्या, महिनाभर लक्ष ठेवा, आणि ती सवय का सोयीची वाटते ते शोधा. जाणूनबुजून लपवणं: इथे कडक व्हा, लेखी. हा नियम आधी जाहीर करा, माफीनंतर साधारण आठवड्याने, मराठीत आणि बिहार-यूपीची मुलं असतील तर हिंदीतही: ‘स्वतःहून सांगितलेल्या चुकीवर कारवाईचा कागद निघणार नाही. लपवलेलीवर निघेल.’ जाहीर करण्याआधी एचआर आणि कंत्राटदाराच्या माणसाशी बोलून घ्या. तुम्ही शब्द दिलात आणि कंत्राटदाराने त्याच मुलाला गेटवरून परत पाठवलं, तर तुमचा शब्द पुन्हा कोणी धरणार नाही. हातात नसेल ते कबूल करू नका. ‘मी तुझ्या बाजूने लिहून देईन’ एवढंच हातात असेल तर तेवढंच म्हणा.

‘सगळं ओके, साहेब’ हे उत्तर तुमच्या प्रश्नामुळे येतं. ‘काही प्रॉब्लेम?’ असं २२ जणांसमोर विचारलं की एकच उत्तर शक्य असतं. त्याऐवजी ‘काल सगळ्यात जास्त त्रास कोणत्या मशीनने दिला?’ असं विचारा. बोट मशीनकडे जातं, माणसाकडे नाही. मग थांबा. मनात सात आकडे मोजा. शांतता नकोशी होऊन तुम्हीच बोलायला लागाल, तो मोह आवरा. पहिल्या आठवड्यात कोणी बोलणार नाही. बहुतेक दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी कूलंटच्या वासाची किंवा तुटक्या ट्रॉलीची तक्रार करेल. ती तुमची परीक्षा आहे. ट्रॉलीचं चाक दोन दिवसांत बदललं, तरच पुढच्या वेळी बोअरबद्दल कोणी तोंड उघडेल.

शिवाय रोज तीन माणसं. २२ जणांची फेरी आठ दिवसांत पूर्ण होते. प्रत्येकाच्या मशीनवर चार-पाच मिनिटं, एका छोट्या वहीत एक ओळ. काय बघायचं? एरवी बडबडणारा गप्प आहे का, कॅन्टीनमध्ये कोणी एकटा जेवतोय का, कोणाच्या ऑफसेटच्या नोंदी अचानक वाढल्यात का. दिसलं की निदान करत बसू नका, विचारा: ‘दोन दिवस शांत दिसतोस, झोप होतेय ना?’ घरची अडचण निघाली तर ऐका आणि तुम्हाला काय जमेल तेवढं सांगा. शिफ्टची अदलाबदल, सुट्टी, एचआरकडे शब्द. माणूस फारच खचलेला वाटला तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक त्याला द्या, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. त्याचं बोलणं दुसऱ्या कोणापर्यंत पोचता कामा नये. एकदा जरी चहाच्या टपरीवर चर्चा झाली तर ही फेरी बंद करावी लागेल.

आता टार्गेट. पहिले तीन-चार आठवडे कागदावरचं रिजेक्शन वाढेल, कारण जे लपत होतं ते दिसू लागेल. हे प्लांट हेडना आत्ताच सांगा, आकडा वाढल्यावर नाही. शीटवर दोन रकाने वाढवा: ऑपरेटरने स्वतः सांगितलेलं किती, आणि चूक घडल्यापासून कळेपर्यंत किती मिनिटं. पुढच्या रिव्ह्यूला हे दोन आकडे पुढे ठेवा. वरून बोलणी बसलीच, तर सरळ शॉपमध्ये शिरू नका. पार्किंगपर्यंत चालत जा, पाणी प्या, दहा मिनिटांनी या. वरचा राग खाली नेऊन ओतणारा सुपरवायझर वरच्यांना काही काळ आवडतो, पण त्याच्या शिफ्टचे जॉब कस्टमरकडे सापडतात.

राहिला तुमचा मित्र. काल बरोबरीने डबा खाणारा माणूस आज साहेब झाला की दोन्हीकडून चुकतं. एक तर जुन्या दोस्तांना सोयीची मशीनं आणि ओव्हरटाइम मिळतो, किंवा पक्षपात नको म्हणून त्यांच्यावरच जास्त कडकपणा होतो. तुमच्या बाबतीत यातलं काय झालंय ते तोच सांगू शकेल. ओव्हरटाइमची यादी आठवड्याच्या सुरुवातीला बोर्डवर लावा, म्हणजे तो विषय निघणार नाही. अरे-तुरे बंद करायची गरज नाही. फक्त त्याला एकट्याला अरे-तुरे आणि बाकीच्यांना हुकूम, असं होऊ देऊ नका. तुमच्याहून वयाने मोठ्या ऑपरेटरला आधी मामा किंवा भाऊ म्हणत असाल, तर आजही तेच म्हणा.

शिफ्ट बदलायच्या दोन्ही अर्जांवर सही करा. मन वळवू नका, कारणं विचारून कोंडीत पकडू नका. सही केल्यावर, कागद त्यांच्या हातात दिल्यावर, प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: ‘माझ्या कुठल्या वागण्यामुळे हे मागावंसं वाटलं?’ जे येईल ते वहीत लिहा, खुलासा देऊ नका. अर्ज मंजूर झालेला असल्यामुळे त्यांना गमावण्यासारखं काही उरलेलं नसेल. गेल्या आठ महिन्यांतलं पहिलं खरं उत्तर तुम्हाला बहुतेक तिथेच मिळेल.